उलाळ ट्रेलर: पलूस ते खंबाटकी, सोळा तास

(मोटार, मोटारसायकल आणि माणसं रचलेली आहेत. रस्ता, वजनांचं गणित आणि चुका नेहमीच्याच.)

16 तास आधी, दुपारी 4:20

पलूसच्या एमआयडीसीजवळचं वेल्डिंगचं दुकान. दादांची गोल्डविंग टूर बंद पडलीय, पुण्याला न्यायचीय. 1833 सीसीचं धूड, वजन सुमारे 390 किलो. दारात एक ट्रेलर तयार उभा आहे. कुणीतरी जनरेटर न्यायला करून घेतला आणि नेलाच नाही. जाड लोखंड, ताजा रंग, भावही परवडणारा.

"दोन टन टाका, काय व्हत नाय," मिस्त्री म्हणतात.

दादा एवढंच विचारतात, गाडी बसंल का? बसते. वजन कुठं पडणार, हे विचारायचं राहून जातं. एक्सल एकच, तोही बरोबर मधोमध. असा ट्रेलर घेताना एक्सल मध्यापासून थोडा मागं हवा, म्हणजे भरल्यावर एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढं हुकावर उतरतो. ट्रेलर 260 किलोचा धरला आणि वर 390 चढवले, तर 650 झाले. हुकावर 65 ते 97 किलो यायला पाहिजेत. ब्रेकही नाहीत ट्रेलरला.

खरं सांगायचं तर एका मोटारसायकलसाठी ट्रेलरच्या भानगडीत पडूच नये. भाड्याचा पिकअप, बरोबर चार माणसं आणि भक्कम फळी, की काम झालं. पण आपल्या मोटारीमागं आपली फटफटी ओढत न्यायची हौस निराळी.

13 तास आधी, संध्याकाळी 7:20

गाडी चढली. पुढचं चाक अडकवून ठेवणारा खाचा ट्रेलरवर नाही, आणि फेअरिंग पुढच्या पत्र्याला घासायला लागलं म्हणून गाडी फूटभर मागं ओढली. मागच्या डिकीत हत्यारं, दोन हेल्मेट, कपडे. बांधाबांध मात्र बघण्यासारखी. चार रॅचेट पट्टे चार कोपऱ्यांना, पुढचा शॉकअप अर्धा दाबलेला, साईड स्टँड वर घेतलेला, रंगाला चरे पडू नयेत म्हणून पट्ट्याखाली जुन्या टॉवेलच्या घड्या.

आबांनी उभी हयात कुंडलच्या कारखान्याला बैलगाडीनं ऊस घातला. ते पुढं आले, वाकले, आणि ट्रेलरची दांडी एका हातानं सहज गुडघ्याच्या वर उचलली. सोडली तरी ती लगेच खाली येईना.

"अरं, उलाळ झालीया ही. बैलाच्या मानंवर वजनच नाय."

"आबा, हितं बैल कुठायत?"

सगळे हसले. दांडी हुकावर बसवली, पिन घातली, साखळ्या अडकवल्या.

3 तास आधी, पहाटे 5:20

निघाले.

2 तास आधी, 6:20

कुंडल, ताकारी, शेणोली करत कराड. ट्रेलर शहाण्या वासरासारखा मागं येतोय. या रस्त्यावर वेग चाळीस-पन्नासच्या वर जात नाही, आणि तेवढ्यात उलाळ ट्रेलर काही बोलत नाही. त्याचा दोष वेग वाढल्यावर बाहेर पडतो.

1 तास आधी, 7:20

तासवडेचा टोलनाका मागं पडला, सातारा आलं. काटा ऐंशीवर. शेजारून कंटेनर सूं करून गेला आणि ट्रेलरची शेपूट डावीकडं, उजवीकडं, दोनदा हलली. मग थांबली.

"वारं हाय," दादा म्हणाले.

30 मिनिटं आधी, 7:50

आनेवाडी टोलनाका. चहा. दादांनी चारही पट्टे ओढून बघितले. घट्ट. टायरला लाथ मारून बघितली. पट्टे ढिले करून, पुढच्या पत्र्याला घोंगडं लावून गाडी फूटभर पुढं घ्यायला पंधरा मिनिटं पुरली असती. पण जी गोष्ट घट्ट आहे ती कोण सोडतो?

3 मिनिटं आधी, 8:17

खंबाटकीचा जुना बोगदा. तो सुटला की पुण्याच्या बाजूला उतार आणि एस आकाराचं वळण. 10 एप्रिल 2018 च्या पहाटे इथंच मजुरांची गाडी उलटून 18 जण गेले होते.

1 मिनिट आधी, 8:19

उतारावर ट्रेलर ढकलू लागला. वळणासाठी स्टिअरिंग फिरलं तशी शेपूट हलली. या वेळी प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. हुकावर भार नसल्यामुळं ट्रेलर मोटारीचं मागचं अंग खालून वर उचलतो, मागच्या चाकांची पकड सुटत जाते. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरायचं, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा, मोटारीचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. उतारावर, वळणात, मागं ट्रक असताना पाय कुठं जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

8:20

मोटार थांबू लागली, ट्रेलर थांबेना. तो कोपरात मुडपल्यासारखा बाजूनं पुढं आला आणि आडवा झाला. पट्टे तुटले नाहीत, म्हणून गोल्डविंगही त्याच्याबरोबरच कठड्यावर गेली. दादांचं मनगट मोडलं, मागच्या ट्रकवाल्यानं कसाबसा ब्रेक लावला.

क्रेन येईपर्यंत महामार्ग पोलिसांनी ट्रेलरचा नंबर विचारला. कायद्यानं ट्रेलर हेही वाहनच, त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. मागं पाटी नव्हती.