नीरेचा पेला आणि डॉ. कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी यांची गोष्ट बहुधा बंगळूरच्या दारातच संपवली जाते. १९३३ साली सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला. दुर्गा भागवतांच्या या धाकट्या बहिणीने माघार घेतली नाही आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. प्रसंग बाणेदार खराच. मला मात्र त्यांचे पुढचे आयुष्य अधिक मोलाचे वाटते.

केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखवले. मायदेशी परतल्यावर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काही काळ काढून त्या १९४९ मध्ये मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. येथे त्यांच्या टेबलावर आली ती गरिबाच्या ताटातली कडधान्ये आणि ताडामाडाची नीरा.

नीरेचा अभ्यास राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झाला. काळ दारूबंदीचा, मुंबई राज्याचा कायदा १९४९ चाच. झाडाचा हा गोड रस पहाटे उतरवून तसाच ठेवला, की आंबून त्याची ताडी होते. म्हणजे एकाच झाडाचा रस सकाळी पेय आणि दुपारी गुन्हा! अशा वेळी प्रयोगशाळेचा निर्वाळा केवळ रसायनशास्त्राचा राहत नाही. कमलाबाईंना नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह आढळले. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गर्भवतींच्या आहारात ती दिल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पण पेला ओठांना लावणाऱ्या गर्भवतीला त्या रसाची परीक्षा कुठे करता येणार होती? ती विश्वासावर पीत होती. असे निर्वाळे देणाऱ्या कमलाबाई पुढे ग्राहकांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, हे मला म्हणूनच योगायोगाचे वाटत नाही. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’च्या त्या सक्रिय सदस्य होत्या. भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ पासून होताच. तो दुकानाच्या तराजूपर्यंत पोहोचत नव्हता. दुधात पिष्ट मिसळले असेल, तर आयोडीनचा थेंब टाकताच निळा रंग येतो. हे पाहायला पदवी लागत नाही, कोणी तरी सांगावे मात्र लागते.

१९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर त्या लिहीत असत. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.