सुरक्षा तपासणीतील धार्मिक व वांशिक प्रोफाइलिंग

प्रवाशाचे वर्तन किंवा त्याच्याविषयीची ठोस माहिती न पाहता केवळ धर्म, वंश वा नावावरून त्याची जादा झडती घेणे म्हणजे प्रोफाइलिंग. समर्थक म्हणतात, मनुष्यबळ मर्यादित असते. धोका जास्त तिथेच ते वापरावे. वरवर हे पटते.

पण ३० मे १९७२ रोजी इस्रायलच्या लोद विमानतळावर २६ जणांचा जीव घेणारे तिघे हल्लेखोर जपानी होते. १९८६ साली लंडनच्या हीथ्रोवर एका गरोदर आयरिश महिलेच्या बॅगेत स्फोटके सापडली. ती तिच्या जॉर्डेनियन प्रियकराने तिच्या नकळत ठेवली होती. ठरावीक चेहरा शोधणाऱ्याच्या नजरेतून असे लोक सहज निसटतात.

डिसेंबर २००९ मध्ये डेट्रॉइटला जाणारे विमान उडवण्याचा प्रयत्न फसला. त्यानंतर अमेरिकेने १४ देशांचे नागरिक व तेथून येणारे प्रवासी यांची सरसकट जादा झडती सुरू केली. खरे तर त्या हल्लेखोराच्या वडिलांनीच महिनाभर आधी अमेरिकी दूतावासाला सावध केले होते. म्हणजे माहिती हाताशी होती, ती वापरली गेली नाही, आणि झडती सोसावी लागली ती लाखो निरपराधांना. एप्रिल २०१० मध्ये हा नियम मागे घेऊन गुप्तवार्तेवर आधारलेले निकष आणले गेले.