पायाळूचा पाय आणि आबांची कंबर

आबांच्या डाव्या पायावर, घोटा आणि टाचेवरची धोंडशीर यांच्या मधोमध, दोन गोल डाग आहेत. लहानपणी मला वाटायचं, पोत्याचा आकडा लागला असेल. ते डाग तापल्या सळईचे आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

आबा 1968 साली पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि दाणाबंदरात हमालांच्या टोळीत लागले. तेव्हा पोतं शंभर किलोचं. ट्रकच्या फाळक्याला पाठ लावायची, वाकायचं, वरच्याने पोतं सोडलं की तसंच वाकलेलं गाळ्यात जायचं आणि फळीवरून चढून थप्पी लावायची. आदल्याच वर्षी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शिफारस केली होती की प्रौढ पुरुषावर 55 किलोपेक्षा जास्त ओझं नेहमी देऊ नये. तो आकडा दाणाबंदरात कुणाच्या कानावर आला नव्हता.

1972च्या दुष्काळात आबा गावी असताना त्यांच्या पाठीत उसण भरली. आजीने वाडीतल्या पायाळू मुलीला बोलावलं. जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले ती पायाळू. पायाळूला गुप्तधन दिसतं, पायाळूवर वीज पडते, असं आमच्याकडे मानत, आणि तिचा पाय लागला की उसण उतरते यावर तर कुणाला शंकाच नव्हती. आबा उंबऱ्यावर पालथे पडले, पोरीने तीनदा पाय लावला, आणि चौथ्या दिवशी आबा उठून कामाला लागले. आजीने तिला साखर-खोबरं दिलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून सांगते : उसण म्हणजे बहुतेक वेळा आखडलेला स्नायू, आणि तो काही दिवसांत आपोआप सुटतो. पायाळूची कीर्ती पिढ्यानपिढ्या टिकली ती त्यामुळे.

1984चं दुखणं वेगळं होतं. कळ ढुंगणातून निघून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट पायाच्या बोटांपर्यंत जायची. खोकला आला की आबा भिंत धरायचे. पायाळू आली, तीन वेळा पाय लागला, फरक नाही. बिब्ब्याचे चटके झाले. शेवटी शेजारच्या गावच्या म्हाताऱ्याने सळई तापवून घोट्यामागे डाग दिले.

कॉलेजात असताना चरकसंहितेतला वातव्याधीचा अध्याय माझ्या वाचनात आला. तिथे गृध्रसी भेटली : ढुंगणापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल असा क्रमाने उतरणारा ठणका. गृध्र म्हणजे गिधाड. माणूस गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून हे नाव, असं सांगतात. उपायांत बस्ती होती, शीर तोडणं होतं, आणि डाग देणं होतं. जागा लिहिली होती : कंडरा, म्हणजे धोंडशीर, आणि घोटा यांच्या मधे. मी पुस्तक मिटलं आणि घरी जाऊन आबांचा पाय हातात घेतला. त्या म्हाताऱ्याला अक्षरओळख नव्हती. जागा मात्र तीच होती.

दुखणं कुठून येतं याचा उलगडा फार सावकाश झाला. 1764 साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी मांडलं की ही कळ खुब्याच्या सांध्याची नसून शिरेची, म्हणजे मज्जातंतूची असू शकते. तो तंतू का चिडतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी 1934 मध्ये दाखवलं. दोन मणक्यांमधली गादी फाटते आणि तिचा गर मागे सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाबतो. ओझं घेऊन पुढे वाकलं की त्या गादीवरचा दाब कितीतरी पटीने वाढतो, आणि आबा दिवसभर तसेच वाकलेले असायचे. ओझं हे एकच कारण नसतं; वय, अरुंद झालेली मज्जानलिका, आनुवंशिकताही असते. पण आबांच्या टोळीतले लंगडणारे पाय मी मोजले आहेत, आणि मला पोत्याकडे काणाडोळा करता येत नाही.

1984च्या त्या दुखण्यात डॉक्टरांनी आबांना महिनाभर लाकडी फळीवर झोपवलं. तेव्हाचा रिवाजच तो होता. पायाला वजन लावलं. आबा उठले तेव्हा मांडी वाळून गेली होती. 1995 मध्ये हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला : कंबर धरल्यावर जे झेपेल तेवढं रोजचं काम करत राहिले ते अंथरुणात पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. तो वाचून मला आबांच्या त्या महिन्याचा राग आला. आज मी रुग्णांना चालायला लावते. उताणं झोपवून पाय सरळ उचलून तपासते, व्यायाम हळूहळू वाढवते. बहुतेकांची कळ काही आठवड्यांत ओसरते, शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. मात्र लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर मी माझ्या टेबलावर झोपवत नाही, त्याच तासाला रुग्णालयात धाडते.

1969 साली माथाडी कायदा झाला, तो अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यामुळे. त्याने हमालाला मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी दिला. पोतं मात्र लगेच हलकं झालं नाही. ते पन्नास किलोवर यायला बरीच वर्षं गेली, तोवर बाजार वाशीला आला होता आणि आबा थकले होते.

आता आम्ही कोपरखैरण्याला राहतो. संध्याकाळी आबा नाल्याकाठी दोन फेऱ्या मारतात. डावा पाय थोडा ओढला जातो. पावसाळ्यात ते घोट्यामागच्या डागांना खोबरेल तेल लावतात, आणि मी विचारलं तर सांगतात, इथे अजून खाजतं.