७५० पैकी २८२ : गिरगावच्या बागेतील धडा आणि आपले सत्कार समारंभ



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांत बॅनर झळकू लागतात. विहारात 'गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभ' होतो. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि नव्वद टक्केवाल्यांना शाल, पुष्पगुच्छ, ट्रॉफी दिली जाते. अठ्ठेचाळीस टक्क्यांचा मुलगा मागच्या खुर्च्या लावत असतो. त्याची आई त्या दिवशी विहाराकडे फिरकतही नाही.

अशा वेळी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्यांच्या प्रतिमेला आपण हार घातला, त्यांना मॅट्रिकला किती गुण होते?

१९०७ च्या मॅट्रिक परीक्षेत, एल्फिन्स्टन हायस्कूलच्या भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याला ७५० पैकी २८२ गुण मिळाले. हिशेब केला तर ३७.६ टक्के. आपल्या आजच्या समारंभाच्या यादीत हे नाव आले असते का?

कोणी म्हणेल, तेव्हाचे गुण आणि आजचे गुण यांची तुलना होत नाही. मान्य. तेव्हा मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. ती कॉलेजच्या दाराची किल्ली होती आणि सरकारी कारकुनीचीही. अस्पृश्य घरातल्या मुलाने ती पास होणे हीच मोठी गोष्ट होती. पण म्हणूनच मुद्दा नीट समजून घ्या. त्या काळी आपल्या माणसांनी टक्का विचारला नाही. मुलगा उंबरठा ओलांडून गेला एवढे पाहिले आणि पुढे त्याला कोण नेणार याची काळजी केली.

त्या २८२ गुणांच्या मागे काय होते, तेही पाहू. परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच स्वयंपाक, झोप आणि अभ्यास. वडील रामजी सुभेदार पहाटे दोनला मुलाला अभ्यासासाठी उठवत. पेन्शन तुटपुंजी, पुस्तकासाठी लेकींचे दागिने गहाण पडत. शाळेत संस्कृत शिकायची इच्छा होती, पण अस्पृश्याला संस्कृत शिकवायला नकार मिळाला आणि पर्शियन घ्यावी लागली. गुणपत्रिकेवर पर्शियनचे गुण लिहिले गेले. नाकारलेल्या संस्कृतचा रकाना तिच्यावर नव्हता. कोणत्याच गुणपत्रिकेवर तो नसतो. मुलाला काय येते याचा थोडा अंदाज ती देते, पण त्याला काय शिकू दिले नाही याबद्दल ती गप्प राहते. पुढे हेच संस्कृत बाबासाहेब स्वतःच्या बळावर शिकले.

आता गिरगावात या. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन बसायचा. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर हेही तिथे वाचायला येत. तुकोबांचे, बुद्धाचे आणि शिवरायांचे चरित्र लिहिणारा हा विद्वान माणूस. त्यांनी मुलाची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, काय वाचावे हे सांगितले. पुढे मुलाचा सत्कार झाला तो सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली, आणि त्यात केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. चरित्रकार हा सत्कार मॅट्रिकनंतरचा सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः मात्र 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो इंग्रजी चौथी पास झाल्यावरचा सांगितला आहे. त्याच प्रस्तावनेत ते असेही सांगतात की, रामजींचा या सत्काराला आधी ठाम नकार होता. एक परीक्षा तर पास झालाय, सत्काराने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. केळुसकर मध्ये पडले म्हणून सत्कार झाला.

त्या सत्कारातल्या हारांचे काय झाले, कोणालाच आठवत नाही. ते पुस्तक मात्र १९५६ च्या दीक्षाभूमीपर्यंत पोहोचले.

केळुसकर तिथे थांबले नाहीत. इंटर झाल्यावर रामजींची पैशाची ताकद संपली, शिक्षण थांबायची वेळ आली. तेव्हा केळुसकरांनीच भीमरावांना सयाजीराव गायकवाड महाराजांपुढे उभे केले. महाराजांनी प्रश्न विचारून मुलाला पारखले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ गाठले. १९१५ मध्ये एम.ए., आणि १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी.

२८२ गुणांवरून यातले काय वर्तवता आले असते? काहीच नाही. निकाल आणि कोलंबिया यांच्यामध्ये एक शिक्षक, एक पुस्तक आणि महिना २५ रुपये उभे होते.

पण प्रत्येक पोराला चर्नी रोडच्या बागेत केळुसकर भेटत नाहीत, आणि प्रत्येक संस्थानाचा राजा सयाजीराव नसतो. बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी स्वतःला मिळालेली मदत समाजाच्या हक्कात बदलायला घेतली. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी सांगितले की, प्राथमिक शाळेत जाणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. ही ८२ मुले नापास नव्हती, त्यांना सोडून दिले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळवला. १९४४ पासूनची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही त्या लढ्याची देणगी. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले.

त्या शिष्यवृत्तीचे नाव पुन्हा वाचा : मॅट्रिकोत्तर. अट काय? मॅट्रिक पास, पुढे प्रवेश आणि उत्पन्नाची मर्यादा, जी आज अडीच लाखांची आहे. नव्वद टक्क्यांची अट तिला नाही. दुसरीकडे राज्याची राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती पाहा. अकरावी-बारावीतल्या आपल्या मुलांना ती हवी असेल तर दहावीला किमान ७५ टक्के लागतात. गुणवंतांना बक्षीस द्यायला हरकत नाही. पण १९०७ च्या भीमरावांना ती मिळाली नसती, हे विसरू नका. 'मेरिट' हा शब्द आपल्यावर कोणी फेकला की आपण चवताळून उठतो. मग स्वतःच्या विहारात तोच शब्द वापरून आपल्याच पोरांना मागच्या रांगेत कसे बसवतो?

म्हणून निकालानंतरचे काम बदलू या. टक्का बाजूला ठेवा, गुणपत्रिका विषयवार वाचा. गणितात ४० आणि मराठीत ८० असलेल्या पोराला हट्टाने सायन्सला ढकलू नका. आणि भाषेत ४० पण गणितात ८० असलेल्या पोरीला 'आर्ट्स कर, मुलींना तेच बरे' असे सांगू नका. दहावीनंतर आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे, तिथूनही पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला ४० टक्के पुरतात. इंजिनिअरिंगला राखीव प्रवर्गासाठी संबंधित विषयांत ४० टक्के, आणि मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ४०. बारावीचे गुण हा फक्त उंबरठा आहे, त्यापुढची लढाई सीईटी आणि नीटची. ज्याला ५२ टक्के पडलेत त्याच्यासाठी यातले बहुतेक दरवाजे अजून उघडे आहेत. ते त्याला सांगणारा कोणी नाही, एवढीच अडचण आहे.

आणि आपली पोरे सर्वांत जास्त कुठे गळतात? कागदावर. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीचा अर्ज आणि त्याची मुदत. यातला एक कागद चुकला की नव्वद टक्केवालाही फीच्या खिडकीपाशी अडकतो. यंदा विहारात ट्रॉफींच्या खर्चातून एक टेबल, एक लॅपटॉप आणि दोन जाणते कार्यकर्ते महिनाभर बसवा. पास झालेल्या प्रत्येक मुलाला बोलवा, नापास झालेल्याला पुरवणी परीक्षेसाठी आधी बोलवा. प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक द्या.

सत्कार करायचाच असेल तर केळुसकर गुरुजींसारखा करा. शाल खांद्यावर टाकून घरी जाऊ नका, मुलाचा प्रवेश होईपर्यंत त्याच्याबरोबर चाला.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.
जयभीम!