आपत्तिसाहाय्य, विद्यापीठीय
पूर, भूकंप, अवर्षण, वादळ इ. आपत्तींच्या वेळी विद्यापीठे आपले विद्यार्थी, अध्यापक व संलग्न महाविद्यालये यांच्या द्वारे जे मदतकार्य संघटित करतात, ते विद्यापीठीय आपत्तिसाहाय्य होय. महाराष्ट्रात त्याची घडण एकाच योजनेतून झालेली नाही. प्रत्येक आपत्तीने तिच्यात थोडीफार भर घातली.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने (स्थापना १९३६) फाळणीनंतर कुरुक्षेत्र येथील निर्वासितांच्या छावणीत आपले विद्यार्थी पाठविले. प्रशिक्षित विद्यार्थ्यांनी केलेल्या मदतकार्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण. या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मात्र १९६४ मध्ये मिळाला.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. त्यात सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली. सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, चिपळूण तालुक्यात (जि. रत्नागिरी) असलेले अलोरे हे गाव याच कोयना प्रकल्पाच्या परिसरातील. पोफळीच्या विद्युत्‌गृहातून बाहेर पडणारे पाणी येथून जवळच कोळकेवाडी धरणात अडविले जाते व पुढे वाशिष्ठी नदीस मिळते. या भूकंपाच्या हानीचा शास्त्रीय अभ्यास रुडकी विद्यापीठाच्या भूकंप अभियांत्रिकी विभागातील तज्ञांनी केला. त्या काळी विद्यापीठाकडून मुख्यतः अपेक्षा होती ती अशा तज्ञ-पाहणीची. विद्यार्थ्यांना मदतीसाठी एकत्र आणणारी देशव्यापी योजना अद्याप नव्हती.

ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजनेच्या रूपाने आली. आरंभी ३७ विद्यापीठांतील सु. ४० हजार विद्यार्थी तीत सहभागी होते. वर्षाला १२० तासांचे काम, कार्यक्रम-अधिकारी म्हणून एक अध्यापक, दत्तक घेतलेले गाव आणि तेथील निवासी शिबिर असा तिचा साचा आहे. महाराष्ट्रात १९७२–७३ चा भीषण दुष्काळ पडला असताना, १९७३ मध्ये, शिबिरांसाठी ‘युवक दुष्काळाविरुद्ध’ हा विषय घेण्यात आला. योजनेचे खरे बळ दत्तक गावात आहे. पाणवठा कोठे, एकटी वृद्ध माणसे कोणत्या घरात, उंचवट्यावरची वाडी कोणती, हे पूर येण्याआधी ज्याला ठाऊक असते त्याचीच मदत पहिल्या काही तासांत उपयोगी पडते.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर (डिसेंबर १९८४) समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनात गावकऱ्यांचा सहभाग मिळविण्याचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडेही आले. तिचा ग्रामीण परिसर तुळजापूर येथे आधीपासूनच असल्याने तिला हा प्रदेश परका नव्हता.

कोकणात अडचण वेगळीच आहे. येथील आपत्तींचे दिवस व महाविद्यालयीन वर्ष यांचा मेळ बसत नाही. निवासी शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात. अतिवृष्टी मात्र जून-जुलैत, प्रवेश चालू असताना व नवी पथके जेमतेम नोंदविली जात असताना होते. तिवरे धरण २ जुलै २०१९ रोजी फुटले, ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी आले आणि चिपळूणचा महापूर २२ जुलै २०२१ रोजी आला. शेवटच्या दोन्ही वेळी करोनाच्या साथीमुळे वर्ग बंद होते. विद्यार्थी महाविद्यालयात नव्हते. ते आपापल्या गावी होते. चिपळूणच्या पुरात बाजारपेठ बुडाली, रस्ते बंद पडल्याने बाहेरच्या बचावपथकांना उशीर झाला आणि मदत करावयाची तीच कुटुंबे चिखलात सापडली. पुढे राज्यभरातून आलेल्या स्वयंसेवकांनी घरे व दुकाने साफ केली. पण ते पाणी ओसरल्यानंतरचे काम होते.

रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२) विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात मुक्काम करतात. आंबा, काजू, नारळ, पोफळी यांची वादळात आडवी झालेली बाग पुन्हा उभी करण्याचा प्रश्न त्यांच्याच अभ्यासविषयातील आहे. राज्यातील विद्यापीठांच्या स्वयंसेवकांसाठी ‘आव्हान’ हे आपत्तिव्यवस्थापनाचे प्रशिक्षण-शिबिर भरविले जाते. त्यात प्रथमोपचार, दोरांच्या साहाय्याने सुटका, आग विझविणे इ. गोष्टी शिकविल्या जातात. शिबिरातून परतलेला स्वयंसेवक पदवी घेऊन दोन-तीन वर्षांत महाविद्यालय सोडतो. त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीत त्याचे नाव नोंदविलेले असेल, तरच त्याचे प्रशिक्षण पुढच्या पावसाळ्यात हाताशी राहते.