आइस हॉकी : बालखेळाडूंचे प्रशिक्षण

अमेरिकेत ‘यूएसए हॉकी’ या राष्ट्रीय संघटनेने 2009 मध्ये वयानुरूप प्रशिक्षणाची पद्धत सुरू केली. आठ वर्षांपर्यंतची मुले रिंकच्या (बर्फाच्या मैदानाच्या) रुंदीत आखलेल्या लहान मैदानात खेळतात. 200 फूट लांबीच्या पूर्ण रिंकवर लहान मूल नुसतेच पकमागे (खेळातील रबरी चकतीमागे) धावत राहते. आखूड जागेत पक त्याच्या काठीला पुन्हा पुन्हा लागतो. या मुलांचा निळा पक सुमारे 113 ग्रॅमचा, मोठ्यांचा काळा 170 ग्रॅमचा. हा फरक फार मोलाचा : हलका पक इवल्या मनगटांनाही नीट वळवता येतो. पडून उठणे, वळणे, थांबणे आधी शिकवतात. 12 वर्षांपर्यंतच्या गटात अंगाने धडक देण्यावर 2011-12 च्या हंगामापासून बंदी आली. ती आणखी आधी यायला हवी होती.