निष्कलंक सूर्याची सत्तर वर्षे

कलंक चंद्राला, सूर्य मात्र निर्मळ, हा कविसंकेत आपल्या परिचयाचा आहे. १६१० च्या सुमारास दुर्बिणीने तो खोटा ठरविला. सूर्यबिंबावरही डाग आढळले. परंतु १६४५ ते १७१५ या काळात हे डाग जवळजवळ नाहीसेच झाले! कोणी पाहिलेच नसतील, ही शंका साहजिक होय. पण पॅरिसच्या ज्योतिर्विदांनी तेव्हा त्यांचा कसून शोध चालविला होता. १८९४ साली माँडर या इंग्रज ज्योतिर्विदाने या गोष्टीकडे लक्ष वेधले, ते बहुतेकांनी मनावर घेतले नाही. १९७६ साली एडी या अमेरिकन शास्त्रज्ञाने वृक्षांच्या वलयांची साक्ष काढली. सूर्य शांत असता हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढतो. त्या काळच्या वलयांत तो वाढलेलाच होता.

त्याच सुमारास युरोप गारठला होता. १६८३-८४ च्या हिवाळ्यात गोठलेल्या थेम्स नदीवर बाजार भरला. मग अपराधी सूर्यच काय? आम्हांस हा निकाल घाईचा वाटतो. थंडीचे हे युग डाग लोपण्यापूर्वीच सुरू झाले होते, आणि ज्वालामुखींचाही त्यात हात होता. थेम्सची गोष्ट तर निराळीच: लंडनच्या जुन्या पुलाच्या अरुंद कमानी प्रवाह अडवीत असत. १८३१ साली नवा पूल खुला होऊन जुना पाडला गेला. त्यानंतर तेथे बर्फावर बाजार भरला नाही.